गणितोपासक कै. दामोदर धर्मानंद कोसंबी

स्मरणिकेच्या पृष्ठांवर बहुधा ज्ञातीतील कर्तबगार पुरुषांची चरित्रे येतात, आणि ते योग्यच आहे. आपल्या माणसांचे ऋण आपण फेडावयाचे नाही तर कोणी फेडावयाचे? परंतु पुढील चरित्र ज्या पुरुषाचे आहे तो आपल्या ज्ञातीचा नव्हता, आपल्या नवापूरचा नव्हता, खानदेशाचाही नव्हता. तरीही ते येथे देण्यास एक कारण आहे. समाजातील गुणवंत विद्यार्थ्यांचे कौतुक आपण मोठ्या हौसेने करतो. त्यांतील बहुतेक मुले वैद्यकाकडे किंवा अभियांत्रिकीकडे वळतात. एखाद्या मुलाने अथवा मुलीने आपल्याला केवळ गणिताचा अभ्यास करावयाचा आहे असे सांगितले, तर घरातील वडीलधारी मंडळी चिंतेत पडतात. त्याचा उपयोग काय, असा प्रश्न प्रथम येतो. हा प्रश्न वावगा नाही. संसाराच्या चिंता वाहणाऱ्या माणसाने तो विचारलाच पाहिजे. मात्र त्याचे उत्तर घाईने देऊ नये, एवढे ह्या चरित्रावरून दिसून येईल.

दामोदर धर्मानंद कोसंबी यांचा जन्म ३१ जुलै १९०७ रोजी गोव्यात, गौड सारस्वत कुटुंबात झाला. वडील धर्मानंद कोसंबी यांचे नाव मराठी वाचकांस परिचित आहे. ज्ञानाच्या ओढीने घर सोडून नेपाळ, सिंहलद्वीप, ब्रह्मदेश असा प्रवास करणारे, पाली भाषा व बौद्ध धर्म यांचे ते महापंडित. अशा पित्याच्या पोटी जन्म घेणे हे भाग्यही होते आणि कसोटीही होती. घरात धनसंपत्ती नव्हती, पण ग्रंथ होते. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाने एका पाली ग्रंथाच्या संपादनासाठी धर्मानंदांना पाचारण केले, तेव्हा १९१८ साली ते थोरली कन्या माणिक व अकरा वर्षांचा दामोदर यांना बरोबर घेऊन गेले. मुलीलाही परदेशी उच्च शिक्षण द्यावे, हा विचार त्या काळी किती घरांत सुचला असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी.

पुण्याच्या शाळेतून निघालेला हा मुलगा अमेरिकेतील शाळेत लवकरच रुळला. मधली काही वर्षे मायदेशी काढून १९२६ साली तो पुन्हा हार्वर्डला गेला आणि १९२९ मध्ये सर्वोच्च श्रेणीत पदवीधर झाला. गणितात जॉर्ज बर्कहॉफ यांच्यासारखे नामांकित गुरू त्याला लाभले. परंतु एकाच विषयाच्या चाकोरीत राहणे त्याच्या स्वभावात नव्हते. ग्रीक, लॅटिन, फ्रेंच, जर्मन, इटालियन या भाषा त्याने आत्मसात केल्या. पुढे आयुष्यभर विविध शास्त्रांच्या दालनांत तो विनासंकोच वावरला, त्याची तयारी येथेच झाली. मात्र पदवी मिळाली त्याच वर्षी अमेरिकेत आर्थिक मंदीचे संकट कोसळले. पुढील अध्ययनासाठी अर्थसाहाय्य मिळाले नाही, आणि डॉक्टरेट न घेताच तो स्वदेशी परतला. ही पदवी कोसंबींनी पुढेही कधी घेतली नाही.

परतल्यावर त्यांनी प्रथम बनारस हिंदु विश्वविद्यालयात अध्यापन केले. तेथे असताना १९३० साली त्यांचा पहिला संशोधननिबंध प्रसिद्ध झाला. ग्रह ज्या लंबवर्तुळाकार कक्षेत सूर्याभोवती फिरतो ती कक्षाच हळूहळू फिरत जाते. ह्या घटनेचा त्यात गणिती विचार होता. बुध ग्रहाच्या कक्षेचे असे फिरणे न्यूटनच्या नियमांनी पुरते उलगडत नव्हते, आणि आइन्स्टाइनच्या सापेक्षतावादाने ते उलगडले, ही गोष्ट त्या काळी ताजी होती. अशा रीतीने कोसंबींच्या संशोधनाचा आरंभ गणित आणि पदार्थविज्ञान यांच्या सीमेवर झाला, आणि त्यांचे पुष्कळसे कार्य त्याच सीमेवर घडले.

१९३१ साली ते अलीगढच्या मुस्लिम विद्यापीठात गेले. तेथे गणित विभागाचे प्रमुख होते आंद्रे वेइल नावाचे एक तरुण फ्रेंच गणिती. ह्या दोघांच्या सहवासातून एक मौजेची गोष्ट घडली आणि तिने गणिताच्या इतिहासात स्थान मिळविले. एका सहकाऱ्याची थट्टा करावी म्हणून वेइल यांच्या सूचनेवरून कोसंबींनी एक टिपण लिहिले. त्यात बुर्बाकी नावाच्या, प्रत्यक्षात कधीच अस्तित्वात नसलेल्या, रशियन गणितज्ञाच्या एका सिद्धांताचा हवाला दिला होता. काही वर्षांनी वेइल व त्यांचे मित्र यांनी फ्रान्समध्ये एक मंडळ स्थापन केले आणि सर्व ग्रंथ एकाच कल्पित नावाने लिहिण्याचे ठरविले. ते नाव निकोला बुर्बाकी. विसाव्या शतकातील अमूर्त बीजगणिताला ज्या ग्रंथांनी शिस्त लावली, त्यांवर छापलेले हे नाव संशोधनपर लिखाणात प्रथम उमटले ते अलीगढच्या एका मराठी प्राध्यापकाच्या लेखणीतून!

अमूर्त बीजगणित हे नाव ऐकून बिचकण्याचे कारण नाही. आज बुधवार असेल तर दहा दिवसांनी शनिवार येतो, हे लहान मूलही बोटांवर सांगते. सातांचा फेरा पूर्ण झाला की गणती पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. देवापुढचा चौरंग चतुर्थांश वळसा देत फिरविला, तर चौथ्या वळशाला तो पूर्ववत दिसतो. वार आणि चौरंग यांचा परस्परांशी काही संबंध नाही. तथापि दोन्हींच्या मागे असलेला फेऱ्याचा नियम एकाच प्रकारचा आहे. वस्तू बाजूला ठेवून केवळ अशा नियमांचा विचार करणे म्हणजे अमूर्त बीजगणित. गट, वलय, क्षेत्र ही त्यातील रचनांची नावे. हा खेळ केवळ बुद्धीचा आहे असे प्रथम वाटते. परंतु १९१८ साली एमी नोएथर या जर्मन विदुषीने दाखवून दिले की निसर्गनियमांत जेथे जेथे अशी अखंड सममिती असते, तेथे तेथे एखादी राशी अक्षय राहते. नियम काळानुसार बदलत नाहीत, म्हणून ऊर्जा टिकून राहते. बीजगणित आणि पदार्थविज्ञान यांचे नाते असे आतून जुळलेले आहे.

१९३३ साली कोसंबी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात आले. वडिलांनी पूर्वी तेथेच पाली शिकविली होती. बेताचे वेतन, वाढता संसार, हाताशी थोडकी साधने, आणि आपल्या विषयावर बोलण्यास जवळपास कोणी नाही, अशा स्थितीत त्यांनी तेथे बारा वर्षे काढली. त्यांच्या गणिती कार्याचा सर्वांत सकस भाग नेमका ह्याच काळातला आहे.

त्यांचा आवडता विषय होता पथांची भूमिती. सामान्यतः भूमितीचा आरंभ अंतर मोजण्यापासून होतो. कोसंबींनी प्रश्न उलट बाजूने विचारला. आपल्या भागातील डोंगरवस्त्यांत पाड्यापाड्यांना जोडणाऱ्या पायवाटा आहेत. समजा एखाद्या परक्या माणसाजवळ ना मोजपट्टी आहे ना नकाशा; त्याला फक्त ह्या पायवाटा कशा वळतात तेवढे दिसते. एवढ्यावरून त्याला त्या भूमीचा चढउतार कितपत ओळखता येईल? फेकलेला दगड, सूर्याभोवतीचा ग्रह, दूरच्या ताऱ्याकडून येणारा प्रकाशकिरण या सर्वांचे मार्ग विशिष्ट समीकरणांनी ठरतात. ते मार्गच मूळ धरून अवकाशाचे गुणधर्म शोधावे, अशी कोसंबींची पद्धती होती. १९३३ साली हा निबंध जर्मनीतील एका अग्रगण्य गणितपत्रिकेत प्रसिद्ध झाला, आणि त्याला लागूनच फ्रान्सचे थोर भूमितिज्ञ एली कार्तां यांनी त्यावरील आपले विवेचन प्रसिद्ध केले. पुढे १९३९ साली चिनी गणिती चर्न यांनी विषय आणखी पुढे नेला. आज ह्या तिघांच्या नावांनी तो सिद्धांत ओळखला जातो आणि त्यात पहिले नाव कोसंबींचे आहे. १९३४ साली त्यांना रामानुजन स्मृतिपारितोषिकही मिळाले.

ह्याच विषयाचा धागा त्यांनी पुढे बीजगणिताशी जोडला. पथांची रचना न बिघडविता अवकाशात कोणकोणती परिवर्तने करता येतात, आणि ती परिवर्तने एकापुढे एक केली असता कोणता नियम पाळतात, असा तो विचार होता. अशा परिवर्तनांचे बीजगणित सोफस ली या नॉर्वेजियन गणितज्ञाने एकोणिसाव्या शतकात रचले होते. कोसंबींनी १९४९ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या पत्रिकेत पथावकाशातील ली वलये या विषयावर निबंध लिहिला. पदार्थविज्ञानातून उगवलेला प्रश्न आणि अमूर्त बीजगणितातून आलेले साधन यांचा त्यात सुरेख संगम आहे.

आता उपयोगाच्या प्रश्नाकडे वळू. १९४३ साली कोसंबींनी एक निबंध प्रसिद्ध केला. वर्षभराच्या पावसाची किंवा उष्णतामानाची नोंद कागदावर काढली तर वेडीवाकडी रेषा मिळते. अशा असंख्य रेषांच्या समूहातून काही थोडे मूलभूत आकार निवडावे, आणि प्रत्येक रेषा त्या आकारांच्या कमीअधिक मिश्रणाने व्यक्त करावी, अशी रीत त्यांनी दिली. भारतीय पत्रिकेतील ह्या निबंधाकडे त्या वेळी जगाचे फारसे लक्ष गेले नाही. पुढे फिनलंडचे कारुनेन आणि फ्रान्सचे लोएव्ह यांनी तेच तत्त्व स्वतंत्रपणे मांडले आणि ते त्यांच्याच नावाने रूढ झाले. आज चित्रे, ध्वनी, हवामान यांच्या प्रचंड माहितीचे सार काढण्यास ही रीत जगभर वापरतात. अलीकडे काही लेखक तिच्या नावात कोसंबींचेही नाव जोडू लागले आहेत. न्याय झाला, परंतु तो ऐकण्यास कर्ता हयात नव्हता.

दुसरे उदाहरण आपल्या अधिक जवळचे आहे. प्राणी व वनस्पती यांच्या पेशींत गुणसूत्रे असतात आणि त्यांवर जनुके ओळीने वसलेली असतात. पिढी बदलताना गुणसूत्रांच्या जोडीत तुकड्यांची अदलाबदल होते. दोन जनुके जितकी दूर, तितकी त्यांची ताटातूट अधिक वेळा होते. म्हणून ताटातुटीच्या प्रमाणावरून त्यांच्यातील अंतर काढता येते. परंतु दोनदा अदलाबदल झाली तर दोन्ही जनुके पुन्हा एकत्र येतात आणि हिशेब चुकतो. शिवाय एके ठिकाणी अदलाबदल झाली की तिच्या शेजारी दुसरी होण्यास अडथळा येतो. १९१९ साली हॉल्डेन यांनी दिलेल्या सूत्रात हा अडथळा धरलेला नव्हता. कोसंबींनी १९४४ साली तो हिशेबात घेऊन नवे सूत्र दिले. अवघ्या काही पानांचा तो निबंध! गहू, भात, कापूस यांचे जनुकीय नकाशे काढणारे शास्त्रज्ञ आजही कोसंबींचे सूत्र वापरतात. आपले नवापूर ज्या तूरडाळीसाठी प्रसिद्ध आहे, त्या तुरीचे नकाशेही ह्याच सूत्राने काढलेले आहेत. पुण्याच्या एका प्राध्यापकाने कागदावर केलेले गणित खानदेशातील शेतकऱ्याच्या पिकापर्यंत कसे येऊन पोहोचते, हे पाहून आश्चर्य वाटते. लिहिताना त्यांच्या मनात तूर नसेलही. म्हणूनच उपयोगाचा प्रश्न घाईने निकालात काढू नये, असे आरंभी म्हटले.

१९४५ साली डॉ. होमी भाभा यांनी टाटा मूलभूत संशोधन संस्था स्थापन केली आणि गणिताचे प्राध्यापक म्हणून कोसंबींना बोलाविले. पुण्याचे घर त्यांनी सोडले नाही. दख्खनच्या राणीने सकाळी मुंबईस जावे आणि सायंकाळी परतावे, असा क्रम त्यांनी वर्षानुवर्षे पाळला. गाडीतला वेळ वाचनात आणि लेखनात जाई. १९४८-४९ मध्ये ते इंग्लंड-अमेरिकेच्या दौऱ्यावर गेले, शिकागो विद्यापीठात भूमिती शिकविली आणि प्रिन्स्टन येथील प्रगत अध्ययन संस्थेतही राहिले. आइन्स्टाइन तेव्हा त्याच संस्थेत होते.

कोसंबींचे नाव सामान्य वाचकांस इतिहासकार म्हणून अधिक माहीत आहे. परंतु त्या मार्गावरही त्यांना गणितानेच नेले. नाणे हातोहात फिरते तसे झिजते. तेव्हा जुन्या नाण्यांच्या वजनावरून ती किती काळ चलनात होती हे ठरविता येईल, असे त्यांच्या मनात आले. तक्षशिलेच्या उत्खननात सापडलेली चांदीची आहत नाणी त्यांनी सूक्ष्म तराजूवर तोलली, आणि झिजेचा नियम पडताळण्यासाठी चालू चलनातील नाणीही तोलली. अशी हजारो वजने झाली. मग ती नाणी पाडणारे राजे कोण, हा प्रश्न आला. त्यासाठी प्राचीन ग्रंथ आले. ग्रंथांसाठी संस्कृत आले. भर्तृहरीच्या शतकांची चिकित्सक आवृत्ती त्यांनी १९४८ साली सिद्ध केली, आणि १९५६ साली भारतीय इतिहासाच्या अभ्यासाची प्रस्तावना करणारा त्यांचा प्रसिद्ध ग्रंथ निघाला.

येथे एक गोष्ट प्रांजळपणे सांगितली पाहिजे. जातिसंस्थेविषयी कोसंबींची मते कठोर होती. ती ईश्वरनिर्मित नसून समाजाच्या विशिष्ट आर्थिक अवस्थेतून उपजली, वन्य जमाती शेतीप्रधान समाजात सामावत गेल्या तशा नव्या जाती बनत गेल्या, असे त्यांचे प्रतिपादन होते. आपल्या नवापूर तालुक्यासारख्या आदिवासीबहुल प्रदेशात राहणाऱ्या माणसाला ह्या विचाराकडे डोळेझाक करता येणार नाही. ज्ञातीच्या स्मरणिकेत आपले चरित्र यावे हे त्यांना कदाचित रुचले नसते. परंतु मतभेद असलेल्या माणसाकडूनही शिकावे, हा सुसंस्कृतपणा आपल्या मंडळाने अंगी बाणवावा, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

चरित्र म्हणजे केवळ स्तुती नव्हे. कोसंबींच्या आयुष्यात एक मोठे अपयशही आहे. मूळ संख्यांच्या विभागणीसंबंधी जर्मन गणितज्ञ रीमान यांनी १८५९ साली एक अनुमान मांडले. त्याची सिद्धता आजतागायत कोणासही देता आलेली नाही. बरोबर शंभर वर्षांनी, १९५९ मध्ये, कोसंबींनी संभाव्यतेच्या मार्गाने ते सिद्ध केल्याचा दावा केला, आणि तोही कृषिसंख्याशास्त्राच्या पत्रिकेत. तज्ज्ञांना तो युक्तिवाद मान्य झाला नाही. मूळ संख्या फाशाच्या दानासारख्या पडत नाहीत. त्यांना संभाव्यतेचे नियम सरसकट लावता येत नाहीत. चूक सर्वांच्याच हातून होते. परंतु कोसंबींचा स्वभाव मानी व जिभेला धार. त्यामुळे शुभेच्छूंचा सल्लाही त्यांच्यापर्यंत सहज पोहोचत नसे. शिवाय ते जागतिक शांतता चळवळीत होते आणि भारतासारख्या देशाला अणुशक्तीपेक्षा सूर्यशक्ती अधिक हितावह, असे जाहीरपणे सांगत. भाभांशी त्यांचे संबंध बिघडत गेले. १९६२ साली संस्थेने त्यांच्या नेमणुकीची मुदत वाढविली नाही. सोळा-सतरा वर्षांच्या सेवेनंतर आलेला हा प्रसंग त्यांच्या मनाला लागला असणार. त्यात दोष कोणाचा किती, याचा निवाडा करण्याचा अधिकार आपला नाही. गणितात जोपर्यंत सिद्धता निर्दोष नाही तोपर्यंत कर्त्याची थोरवी तिला वाचवू शकत नाही, एवढे मात्र तरुण वाचकांनी लक्षात ठेवावे.

नोकरी गेली तरी व्यासंग सुटला नाही. संधिवाताची पीडा असतानाही पुण्याच्या आसपासच्या टेकड्या ते पायी धुंडाळीत, अश्मयुगीन गारगोटीची हत्यारे वेचीत, खेड्यातील देवतांची ठाणी पाहत. १९६४ साली वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने त्यांना सन्माननीय शास्त्रज्ञ म्हणून नेमले आणि पुण्यातच कार्य करण्याची सोय झाली. परंतु त्यानंतर त्यांना फार दिवस लाभले नाहीत. २९ जून १९६६ रोजी पुण्यातील राहत्या घरी झोपेतच त्यांचे देहावसान झाले. वयाला अजून एकोणसाठ वर्षेही पुरी झाली नव्हती. भारतीय टपाल खात्याने २००८ साली त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले, आणि निवडक गणिती निबंधांचा संग्रह २०१६ साली, म्हणजे मृत्यूनंतर अर्ध्या शतकाने, ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला.

सुरत-भुसावळ लोहमार्गावरील आपल्या नवापूर स्थानकाची मौज बाहेरगावच्या पाहुण्यांना आपण नेहमी दाखवितो. फलाटाचा एक भाग महाराष्ट्रात, दुसरा गुजरातेत. मुंबई राज्याचे विभाजन होऊन १९६० साली दोन राज्ये झाली, पण गाडी सीमेवर अडत नाही आणि प्रवासी एका राज्यातून दुसऱ्या राज्यात सहज चालत जातो. कोसंबी भूमितीतून पदार्थविज्ञानात, तेथून बीजगणितात, जीवशास्त्रात आणि इतिहासात असेच चालत गेले. फरक इतकाच की प्रत्येक ठिकाणी त्यांनी तेथली भाषा कष्टाने शिकून घेतली.

आपल्या समाजातही असा एखादा मुलगा, अशी एखादी मुलगी आज कोठेतरी वहीच्या मागील पानावर आकडे मांडीत बसलेली असेल. तिच्या गणिताचा उपयोग काय, हे तिला सांगता येणार नाही. कोसंबींनाही १९३३ साली ते सांगता आले नसते. अशा मुलांच्या पाठीशी कुटुंबाने धीराने उभे राहावे, आणि मंडळाने शिष्यवृत्ती देताना केवळ धंदेशिक्षणाचा विचार न करता अशा एखाद्या अर्जाकडेही आस्थेने पाहावे, अशी नम्र विनंती करून हे चरित्रस्मरण येथे पुरे करतो.